व्हर्बोज मोडमध्ये किती दाखवायचं? पहिलं कमांड लाइन टूल लिहिणाऱ्यांसाठी

तुमचं टूल चालायला लागलंय. दोन-चार लोक वापरतायत आणि त्यातला एकजण म्हणतो, "आत काय चाललंय काही कळत नाही, जरा व्हर्बोज मोड दे ना." व्हर्बोज मोड म्हणजे टूलने काम करताना आत काय चाललंय ते सविस्तर सांगणं; तो सहसा कमांडसोबत 'डॅश व्ही' (-v) हा पर्याय लिहून चालू करतात. मग बहुतेक जण काय करतात, तर डीबग करताना, म्हणजे चुका शोधताना, कोडभर पेरलेले प्रिंट तसेच ठेवतात आणि सगळ्यांना 'डॅश व्ही दिलं असेल तर' एवढी एकच अट लावून टाकतात. पुढच्या वेळी तो माणूस डॅश व्ही देतो आणि स्क्रीनवरून हजारो ओळी धावत जातात. त्याला हवी असलेली एक ओळ त्यातच कुठेतरी असते, पण सापडत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: व्हर्बोजची प्रत्येक पातळी ही वापरणाऱ्याच्या एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असली पाहिजे. प्रश्न आधी ठरवा. मग कुठली ओळ कुठल्या पातळीवर जाईल यावर फार डोकं लढवावं लागत नाही.

सगळा लेख एकाच उदाहरणावर चालवते. समजा तुम्ही 'लिपीबदल' नावाचं टूल लिहिताय. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या 'सुरेख'सारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर घ्यायचा आणि युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. जुन्या डीटीपीच्या फायली ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांना याची गरज लगेच कळेल. कमांड आणि त्यांचे पर्याय आपण बोलताना म्हणतो तसेच मी लिहिले आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- चालणारं टूल. व्हर्बोज मोड टूल लिहिण्याआधी ठरवू नका, वापरणारे काय विचारतात ते तोवर कळलेलं नसतं.
- खऱ्या फायलींचा छोटा संच. त्यात निदान एक बिघडलेली फाइल आणि एक आधीच युनिकोड असलेली फाइल हवीच.
- लोकांनी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची यादी. व्हॉट्सअॅपवर आलेले असले तरी चालतील.
- तुमच्या भाषेतली लॉगिंगची, म्हणजे चाललेल्या कामाच्या नोंदी लिहिणारी, लायब्ररी. या लेखात पायथन धरलंय.
- टूल ज्या गोष्टी हाताळतं त्यातल्या गोपनीय गोष्टींची यादी: पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली), लोकांची नावं-पत्ते.

१. आधी टूलला गप्प राहायला शिकवा

युनिक्सची जुनी शिस्त अशी की काम नीट झालं तर काही बोलायचं नाही. सीपी कमांडने फाइल कॉपी झाली की प्रॉम्प्ट परत येतो, बस्स. यामागे नुसती टापटीप नाही. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमचं इनपुट होणार हे धरून चला आणि त्यात फालतू माहिती मिसळू नका, असं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९७८ साली लिहून ठेवलंय. पाइप, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला जोडणं, ही कल्पना युनिक्समध्ये आणणारे तेच.

म्हणून व्हर्बोजचा विचार पातळी शून्यपासून सुरू होतो. काहीच पर्याय दिला नाही तर लिपीबदलने काय दाखवावं? चुका आणि इशारे. 'ही फाइल उघडता आली नाही' हे कुठल्याही पातळीवर दिसलंच पाहिजे. फाइल बदलताना दहा अक्षरं ओळखता आली नाहीत, तर तेही शून्यावरच दिसलं पाहिजे, कारण त्यामुळे निकाल बिघडलाय. निकाल बिघडल्याची बातमी व्हर्बोजमागे लपवणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात महागडा घोटाळा आहे. माणूस निर्धास्तपणे ती फाइल छापायला पाठवून देतो.

लांबलेल्या कामाला मात्र थोडी सूट द्या. टूल पाच मिनिटं काहीच बोललं नाही तर लोक कंट्रोल सी दाबतात. प्रगतीची एक पट्टी चालेल, पण ती टर्मिनलवर असतानाच. आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असेल तर पट्टी बंद. पायथनमध्ये हे 'इजएटीटीवाय' विचारून कळतं.

२. वापरणाऱ्याचे प्रश्न कागदावर काढा

कोड बंद ठेवा आणि लोक काय विचारतात ते लिहा. लिपीबदलसाठी यादी साधारण अशी होईल:

- माझ्या सगळ्या फायली झाल्या का?
- ही फाइल का वगळली?
- हा कोणता फाँट समजून चाललंय?
- 'मार्च' या शब्दाचं भलतंच का झालं?
- सर्व्हरवर चालतं, माझ्या लॅपटॉपवर का नाही?

आता नीट पाहा. पहिला प्रश्न 'काय झालं' असा आहे. दुसरा-तिसरा 'असं का ठरवलं' असे आहेत. चौथा-पाचवा 'नेमकं कसं झालं' असे आहेत. काय, का, कसं: या तीन पातळ्या झाल्या. बहुतेक टूलना यापेक्षा जास्त लागत नाहीत आणि लहान टूलना तर दोनच पुरतात.

विचारणारी माणसंही वेगळी असतात. 'काय' विचारणारा टूल नुसतं वापरतो. 'का' विचारणाऱ्याला कुठला पर्याय द्यायचा ते ठरवायचं असतं. 'कसं' बहुतेक वेळा तुम्ही स्वतः विचारता, नाहीतर तुम्हाला बग कळवणारा माणूस तुमच्या सांगण्यावरून विचारतो. म्हणून तिसऱ्या पातळीवर कोडमधली नावं आली तरी बिघडत नाही. पहिलीवर आली तर बिघडतं.

३. इतर टूल काय करतात ते चालवून पाहा

हे वाचून सोडू नका, प्रत्यक्ष चालवा. अर्ध्या तासात जे कळतं ते मॅन्युअल वाचून कळत नाही.

फायली एका जागेहून दुसरीकडे पाठवणारं आरसिंक सर्वात समजूतदार वाटतं. एक व्ही दिला की कोणत्या फायली पाठवल्या ते आणि शेवटी छोटा गोषवारा. दोन व्ही दिले की कोणत्या फायली वगळल्या तेही. तीन किंवा जास्त व्ही फक्त आरसिंकच डीबग करत असाल तरच, असं त्याचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. म्हणजे आपलीच काय, का, कसं ही विभागणी. पुढे एवढ्यानेही भागेना, तेव्हा आवृत्ती ३.१.० पासून 'डॅश डॅश इन्फो' आणि 'डॅश डॅश डीबग' असे पर्याय आले. त्यात विषय निवडून तेवढ्याचाच तपशील मागता येतो.

दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारं एसएसएच तीन व्हीपर्यंत जातं आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'डीबग १', 'डीबग २', 'डीबग ३' असा शिक्का मारतं. हा शिक्का फार कामाचा. तीन व्ही देऊन सगळं फाइलमध्ये घ्यायचं आणि नंतर ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडने फक्त 'डीबग १' च्या ओळी काढायच्या.

वेबवरून माहिती आणणाऱ्या कर्लमध्ये एका व्हीला ओळीच्या सुरुवातीचं चिन्हच बोलतं: 'पेक्षा मोठं' हे चिन्ह म्हणजे आपण पाठवलेलं, 'पेक्षा लहान' म्हणजे समोरून आलेलं, तारांकित म्हणजे कर्लची स्वतःची टिप्पणी. बाइटन् बाइट हवा असेल तर त्याला वेगळा 'ट्रेस' पर्याय आहे.

लिनक्स कर्नल बिल्ड करताना मेक या बिल्ड करणाऱ्या टूलला 'व्ही बरोबर १' दिलं तर पूर्ण कमांड दिसतात आणि 'व्ही बरोबर २' दिलं तर प्रत्येक टार्गेट (बनवायची फाइल) पुन्हा का बांधलं जातंय याचं कारण दिसतं. 'का' साठी स्वतंत्र पातळी ठेवण्याचं याहून चोख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

क्युबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीच्या) कुबेक्टल या कमांडमध्ये आकडे नऊपर्यंत जातात: सातला एचटीटीपी विनंतीचे हेडर, आठला विनंतीचा मजकूर, नऊला तोच काटछाट न करता. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला ते शोभतं. पहिल्या टूलला नऊ पातळ्या देऊ नका. पाच आणि सहामध्ये फरक काय हे तुम्हालाच महिन्याभराने आठवणार नाही.

४. प्रत्येक ओळ एकटी वाचून पाहा

पातळ्या ठरल्या, आता ओळी. इथे वेळ घाला.

लिपीबदलची पहिली पातळी अशी असेल:

जून_अंक.टीएक्सटी: झाली, २१२ ओळी
अग्रलेख.टीएक्सटी: वगळली

दुसरी पातळी त्यात कारणं घालते:

अग्रलेख.टीएक्सटी: वगळली, आधीच युनिकोडमध्ये आहे
जाहिराती.टीएक्सटी: फाँट 'सुरेख' धरला, पहिल्या ५० ओळींवरून

'पहिल्या ५० ओळींवरून' हे शब्द बारकाईने बघा. निर्णयासोबत त्याचा आधार सांगितला की वापरणाऱ्याला पुढची चाल सुचते. पहिल्या ५० ओळी इंग्रजी जाहिरातींच्या असतील तर अंदाज चुकणारच, मग तो फाँटचं नाव स्वतः देईल. नुसतं 'फाँट: सुरेख' लिहिलं असतं तर त्याने तुम्हाला फोन केला असता.

तिसऱ्या पातळीवर खरा कस लागतो. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणजे 'मार्च' जुन्या फायलीत म, काना, च, रफार असा असतो आणि युनिकोडमध्ये म, काना, र, हलंत, च असा व्हायला हवा. हे झालं का, आणि नसेल तर कुठे फसलं, ते दाखवायला अशी ओळ लागते:

वार्ता.टीएक्सटी, ओळ २१४: रफार हलवला, मार्च [०९२ई ०९३ई ०९३० ०९४डी ०९१ए]

चौकोनी कंसातले युनिकोडचे आकडे जागा अडवतात, पण मराठी मजकुरात त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. 'दऱ्या' मधला अर्धा र घ्या. तो ०९३१ आणि हलंत असाही लिहिता येतो, आणि ०९३०, हलंत, मग २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह असाही. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. 'माझ्याकडे दऱ्या शब्द दिसतोय पण सर्चमध्ये येत नाही' अशी तक्रार आली आणि तुमची तिसरी पातळी नुसतं 'दऱ्या' छापत असेल, तर तिचा उपयोग शून्य. डोळ्यांना जो फरक दिसत नाही तो दाखवणं हेच शेवटच्या पातळीचं काम.

ओळ तपासायची कसोटी सोपी आहे. ती ओळ आजूबाजूचं काही न देता एखाद्या मित्राला पाठवा. कुठली फाइल, कुठली ओळ, काय केलं हे त्याला कळलं पाहिजे. 'प्रोसेसिंग सुरू', 'फंक्शनमध्ये आलो', 'इथपर्यंत ठीक' अशा ओळी या कसोटीला उतरत नाहीत. काढून टाका.

मजकूर मराठीत ठेवायचा की इंग्रजीत? वापरणारे मराठी असतील तर बेलाशक मराठीत ठेवा. फक्त 'वगळली', 'झाली' असे ठरलेले शब्द कायम तेच राहू द्या, कारण लोक त्यावर ग्रेप करतात. आज 'वगळली', उद्या 'सोडली', परवा 'घेतली नाही' असं झालं की त्यांची स्क्रिप्ट मोडते.

५. व्हर्बोजच्या ओळी स्टँडर्ड एररवर पाठवा

प्रोग्रॅमला बाहेर लिहायला दोन वेगळे मार्ग असतात: टूलचा निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, बाकी सगळी बडबड स्टँडर्ड एररवर. नाव 'एरर' असलं तरी तिथे फक्त चुकाच जातात असं नाही. कर्ल आणि एसएसएच दोन्ही आपला तपशील तिथेच लिहितात. फायली एका अर्काइव्हमध्ये बांधणाऱ्या टारची गंमत बघा: एरवी फायलींची यादी स्टँडर्ड आउटपुटवर देतं, पण अर्काइव्हच स्टँडर्ड आउटपुटवर चाललं असेल तर यादी मुकाट्याने स्टँडर्ड एररवर नेतं.

हे पाळलं नाही तर कोणीतरी लिपीबदलचा निकाल फाइलमध्ये वळवेल, सोबत डॅश व्ही देईल, आणि त्याच्या लेखात मधेच 'रफार हलवला' अशी ओळ जाऊन बसेल.

देवनागरी छापणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. पायथनमध्ये टर्मिनलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ नसेल तर स्टँडर्ड आउटपुटवर मराठी छापताना प्रोग्रॅम एररने बंद पडू शकतो. स्टँडर्ड एररवर तो पडत नाही, पण अक्षरांच्या जागी उलट्या तिरक्या रेघेचे सांकेतिक आकडे येतात. विंडोजवर आउटपुट फाइलमध्ये वळवलं की हे हमखास दिसतं. 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, आणि लॉगची फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः द्या.

६. गोपनीय माहिती कुठल्याच पातळीवर नको

लोक व्हर्बोजचं आउटपुट जसंच्या तसं उचलतात आणि मदत मागताना ग्रुपवर टाकतात. तुम्हीच त्यांना तसं सांगितलेलं असतं. मग त्यात पासवर्ड किंवा टोकन असेल तर त्याची जबाबदारी तुमची.

ट्विटरने मे २०१८ मध्ये आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटींहून जास्त, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा सल्ला दिला होता. हॅश होण्याआधीच, म्हणजे न ओळखता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच, पासवर्ड त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. मोठ्या, अनुभवी टीमकडून हे होतं, तर आपण जपूनच राहावं.

'तिसऱ्या पातळीवर चालेल, ती फक्त डेव्हलपर वापरतात' असं म्हणू नका. नेमकी तीच पातळी ग्रुपवर चिकटवली जाते. गुप्त गोष्ट लॉगिंगपर्यंत पोचण्याआधीच झाका: टोकनचे शेवटचे चार अक्षर पुरेसे असतात, कुठलं टोकन वापरलं एवढं कळायला. अॅन्सिबलमध्ये (अनेक सर्व्हरवर आपोआप कामं करणारं टूल) एखाद्या कामापुरता लॉग बंद करायला 'नो लॉग' अशी सोय याचसाठी आहे. लिपीबदलला पासवर्ड नसतो, पण फायलीत लोकांची पत्रं असू शकतात. म्हणून अख्खी ओळ न छापता बदललेला शब्दच छापायचा.

७. कोडमध्ये बसवा

पायथनच्या लॉगिंगमध्ये पातळ्यांना आकडे आहेत: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. आपली जुळवणी अशी करा:

- पर्याय नाही: वॉर्निंग
- एक व्ही: इन्फो
- दोन व्ही: डीबग
- तीन व्ही: ५, म्हणजे डीबगच्या खालची स्वतःची पातळी. तिला 'ट्रेस' नाव द्या.
- डॅश क्यू (क्वाएट, म्हणजे गप्प): फक्त एरर

व्ही मोजायला आर्गपार्स या कमांडचे पर्याय वाचणाऱ्या पायथनच्या लायब्ररीमध्ये अॅक्शन 'काउंट' आहे. त्याला डिफॉल्ट शून्य द्यायला विसरू नका. नाहीतर एकही व्ही न देणाऱ्याला किंमत 'नन' (काहीच नाही) मिळते आणि पहिल्याच तुलनेत टूल कोसळतं. कोणी सहा व्ही दिले तर ओरडू नका, तीनच समजा.

आता नवशिक्यांना सर्वात जास्त छळणारा सापळा. रूट लॉगरची, म्हणजे सगळ्या लॉगरांच्या मुळाशी असलेल्या लॉगरची, पातळी डीबग केली की तुम्ही वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीच्या डीबग ओळी उसळून वर येतात. यूआरएललिब३ ही वेबशी बोलणारी लायब्ररी आपली कनेक्शनं सांगत बसते आणि तुमच्या ओळी त्यात हरवतात. रूट वॉर्निंगवरच ठेवा आणि फक्त 'लिपीबदल' या तुमच्या लॉगरची पातळी खाली आणा. रूटच्या हँडलरला (ओळी प्रत्यक्ष लिहिणाऱ्या भागाला) तुमच्या ओळी तरीही पोचतात.

वेगाचंही बघा. तिसऱ्या पातळीची ओळ बनवायला युनिकोडचे आकडे काढावे लागतात. पातळी बंद असतानाही ते काढत बसलात तर टूल विनाकारण रेंगाळतं. ती पातळी चालू आहे का हे आधी 'इजएनेबल्डफॉर' ने विचारा, मगच बनवा.

८. डॅश व्ही कुणाकुणाचा आहे ते लक्षात घ्या

सगळीकडे डॅश व्ही म्हणजे व्हर्बोज नसतो. ग्रेपमध्ये तो न जुळणाऱ्या ओळी देतो, डॉकर रनमध्ये व्हॉल्यूम जोडतो, नोडमध्ये आवृत्ती दाखवतो. म्हणून 'डॅश डॅश व्हर्बोज' हे लांब नावही द्या, आवृत्तीसाठी 'डॅश डॅश व्हर्जन' ठेवा, आणि हेल्पमध्ये प्रत्येक पातळीपुढे एक ओळ लिहा: एक व्ही म्हणजे काय झालं, दोन म्हणजे का, तीन म्हणजे कसं. 'जास्त माहिती दाखवतो' एवढंच लिहिलेली हेल्प कुणाच्या कामाची नाही.

आणखी एक बंधन पाळा: व्हर्बोजने टूलचं वागणं बदलता कामा नये. डॅश व्ही दिल्यावर तात्पुरत्या फायली मागे ठेवायच्या किंवा चूक झाली तरी पुढे जायचं, असे मोह होतात. त्यांना वेगळे पर्याय द्या. 'न करता फक्त दाखव' यासाठीही वेगळा पर्याय हवा, आरसिंकच्या डॅश एनसारखा.

९. लोकांच्या हाती देण्याआधी

तीन गोष्टी तपासा. एक, तेच इनपुट चारही पातळ्यांवर चालवा, स्टँडर्ड आउटपुट वेगवेगळ्या फायलींत घ्या आणि डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने जुळवा. एका अक्षराचाही फरक पडता कामा नये. ही चाचणी ऑटोमॅटिक टेस्टमध्येच टाकून द्या.

दोन, प्रत्येक पातळीच्या ओळी मोजा. पहिलीला फायलीमागे एक, दुसरीला फायलीमागे चार-पाच. ४०० फायलींना पहिल्या पातळीवर ४,००० ओळी आल्या तर काहीतरी दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचं पहिलीवर आलंय. ते शोधून परत पाठवा.

तीन, दुसऱ्या पायरीतली प्रश्नांची यादी परत काढा. बिघडलेली फाइल टूलला द्या आणि कोडकडे न पाहता, फक्त आउटपुट वाचून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करा. जमलं तर टूल न लिहिलेल्या एखाद्या मैत्रिणीला किंवा सहकाऱ्याला बसवा. ज्या प्रश्नापाशी ते अडतील तिथे ओळ कमी पडतेय. आणि ज्या ओळी कुठल्याच प्रश्नाला उपयोगी पडल्या नाहीत त्यांच्यावर खूण करून ठेवा. पुढच्या आवृत्तीत आधी त्या उडवा, मगच नव्या घाला.